बेअरिंगची खरखर

आज लेथ पुसायला घेतली अन् जुन्या ऑइलच्या वासानं मी कळमन्याकडच्या त्या जुन्या मशिनींच्या दुकानात जाऊन पोचलो. रिटायर झाल्यावर घरी हौसेची कामं करायला छोटी लेथ पाहिजे होती. बायको संगं आली होती. दुकानदारानं मशीन चालू केली. मी पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक बेअरिंगपाशी टेकवलं अन् मूठ कानाला लावली. आत खरखर होती.

"माह्या छातीतबी अशीच खरखर होते," बायको म्हणाली. "तिथंबी लावून पाहा ना जी."

दुकानदार हसला. मीही हसलो. "तुले काय धाड भरली," म्हटलं.

नवी बेअरिंग बसवून घेतल्याशिवाय मी लेथ उचलली नाही. तिला डॉक्टरकडे नेलं ते दिवाळीनंतर. फार उशीर केला, डॉक्टर म्हणाले.

लेथ अजून बिनआवाजाची चालते.