तात्यांची इंजेक्शनची पाळी

बारामती डेपोत मी लासुर्ण्याला जाणाऱ्या एसटीत बसले होते. काकी हॉस्पिटलात तात्यांपाशी होती, तिनं घरून त्यांची शाल आणायला सांगितली होती. गाडी सुटायच्या आतच वडिलांचा फोन आला, "उतर खाली. हॉस्पिटलात माघारी ये." एवढंच. रिक्षात मला कळलंच होतं… तरी पोचेपर्यंत मी कुणालाच फोन लावला नाही. शाल राहिलीच. आता काही आठवडे झालेत आणि मी हे एका दमात टाईप करतेय, कारण थांबले तर पुढं लिहिणं होणार नाही.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. लासुर्ण्यात ऊस, दोन म्हशी, आणि पाटाच्या पाण्यावरून गावभर भांडून परत सगळ्यांना चहा पाजायची सवय. दमायला लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा तपासणीत कळलं की हाडांच्या आतल्या मगजात रक्ताच्या पेशी जन्माला येतायत, पण मोठ्याच होत नाहीत. कच्च्याच मरतायत, आणि काही कॅन्सरच्या वाटेला लागल्यात. मी बारामतीत बायोटेकला एमएस्सी करते, त्यामुळं घरात सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला काय, बोलायला निमित्तच हवं असतं! ओट्याला टेकून सुरू झाले. तात्या, प्रत्येक पेशीत सगळे जीन असतात, पेशीनं कधी मोठं व्हायचं, काय व्हायचं, हे सांगणारेसुद्धा. तुमच्या पेशींत त्यातल्या काही जीनांवर मिथाइल नावाच्या बारक्या खुणा नको तेवढ्या बसल्यात. जीन जागेवरच आहे, पण बंद. याला एपिजेनेटिक बदल म्हणतात, आणि हे इंजेक्शन त्या खुणा कमी करतं…

"म्हंजी मोटार चांगली हाय, स्टार्टरच्या पेटीला कुणीतरी कुलूप घातलंय."

"व्हय!" मी ओरडलेच.

"एवढं सोपं हाय, तर डॉक्टरचं त्वांड का उतरलं हुतं?"

कारण कुलूप उघडेलच याची खात्री नव्हती. आणि उघडलं तरी महिनोन्‌महिने लागणार होते. मोटारीतही थोडा बिघाड होताच, ते मी त्या दिवशी बोलले नाही.

महिन्यातून एक आठवडा रोज पोटात इंजेक्शन. पहिली पाळी झाली. दुसरी तोंडावर आली आणि नेमकं पाटाला पाणी सुटलं. मी न्यायला आले तर तात्या गमबूट घालून निघालेले. "आगं, पाळी बदलून घ्यायची. हणमंतला माझी दिली की तो त्याची मला देतो. डॉक्टरला सांग, पुढच्या पंधरवड्यात येतो." आयुष्यभर शेजाऱ्याशी पाण्याची पाळी बदलत आलेला माणूस, त्यांना त्यात काही वावगं वाटेचना! मी गाडीची किल्लीच काढून घेतली. तात्या, पेशी फुटते, एकाच्या दोन होतात, तेव्हाच हे औषध आत शिरतं. दर वेळी खुणा थोड्या पुसल्या जातात. मधे ढील दिली की खुणा परत बसतात! "शिकली आन् तोफ झाली," ते गमबूट काढत म्हणाले. पण आले. उसाला पाणी द्यायला बाऱ्यावर काकी उभी राहिली.

दुसऱ्या पाळीनंतरचा रिपोर्ट मी मोबाईलवर उघडला. सगळे आकडे आणखी खाली. सुरुवातीला असं होतं हे मला माहीत होतं. तात्यांना मी सांगितलंही होतं. पण माहीत असणं वेगळं आणि नाकातून रक्त थांबत नसताना चुलत्याचं डोकं धरून बसणं वेगळं. घरात बैठकच बसली. काकीचा भाऊ म्हणाला, "औषधच रगत खातंय दाजींचं. बंद करा. माझ्या वळखीचा जडीबुटीवाला हाय."

तात्यांनी मला विचारलं, "खरं सांग. उघडंल का?"

"माहीत न्हाय, तात्या."

मग तेच म्हणाले, "आडसाली लावणारा माणूस मी. दीड वरीस उसाकडं बघत बसतो. दोन पाळ्यांत काय उपटू?"

आणि उघडलं! पाचव्या पाळीनंतर पांढऱ्या पेशी सावरल्या, रक्ताच्या पिशव्या लागेनात. सगळा उन्हाळा तात्या बांधावर. इंजेक्शनच्या खोलीत त्यांना सलीमचाचा भेटले होते, लोणी देवकरला कंपनीत फिटर, हाच आजार, नुकतीच सुरुवात. चाचा कंटाळायचे, टाळायचे. मग चाचांची पाळी सुरू व्हायची त्या सकाळी तात्यांचा फोन ठरलेला: "सलीमभाई, उठला का? का गादीला वेल्डिंग केलंय?"

श्रावणात तात्यांचे आकडे परत कोसळले. खुणा पुन्हा बसल्या, की औषधाला न जुमानणाऱ्या पेशीच वाढल्या… डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. मग ताप आला, हॉस्पिटलात ठेवलं, आणि पुढचं वर लिहिलंय.

परवा सकाळी मी लासुर्ण्याला होते. मांडणीवर तात्यांचा फोन वाजला. काकी तो अजून रोज चार्ज करते. सलीमचाचा. काकीनं स्पीकरवर टाकला.

"वहिनी, आज माझं इंजेक्शन हाय… न्हाय जात मी. तात्यांचं उघडलं हुतं, तरी गेलंच की. माझं तर अजून उघडलं बी न्हाय."

मी पुढं झाले. प्रत्येकाचं वेगळं असतं, तुमच्या खुणा वेगळ्या… सगळं जिभेवर आलं होतं. काकीनं हात आडवा केला.

"सलीमभाऊ, ते गेलं, खरं हाय. पर ह्यो उन्हाळा ते बांधावर हिंडलं. शेजाऱ्याशी भांडलं. माझ्या कालवणाला नावं ठेवली. त्यो उन्हाळा मला मिळाला. तुमच्या बायकोनं काय घोडं मारलंय, तिला न्हाय मिळायचा?"

मग पलीकडून, लांबून, चाचींचा आवाज आला, "डबा भरलाय, घेऊन जावा," आणि गाडीची किक.

काकीनं फोन बंद केला नाही. स्पीकर काढून कानाला लावला आणि तशीच चुलीपुढं बसली. "पोचल्यावर बोला," ती म्हणाली, "मी हितंच हाय."