हालिनाआजीचा गूळ आणि आपल्या सह्या

हालिनाआजीचा अपमान झाला तो गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी सहाच्या सुमारास, तिच्याच स्वयंपाकघरात. तो आपण केला. आपण म्हणजे मराठी माणसांनी, ज्यांनी तीनच दिवस आधी तिच्या खांद्यावर शाल घातली होती. पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी ती गेली. मला कळलं ते आमच्या मराठी ग्रुपवर. ‘आपल्या कोल्हापूरच्या लेकीला भावपूर्ण श्रद्धांजली’, सोबत तिचं शाल पांघरलेलं रील, खाली हात जोडलेल्यांची रांग. मेसेज टाकणारा माणूस तोच, मंगळवारी क्लिपबोर्ड घेऊन तिच्याकडे आलेला. मी ट्राममध्ये होते. फोन उलटा करून मांडीवर ठेवला... रडू आलं नाही, शिसारी आली. ती शिसारी अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

जर्मनीतलं आमचं गाव कार्ल्सरूहेपासून ट्रामने अर्ध्या तासावर. मी इथे पीएचडी करते, आणि उरलेल्या वेळात भाडेकरूंच्या संघटनेची पत्रकं वाटते. चार वर्षांपूर्वी ट्रामच्या थांब्यावर एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईच्या हातात असंच एक पत्रक दिलं. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, तळाशी छापलेलं माझं नाव बघितलं आणि मराठीत म्हणाली, “लई बारीक. मोठं लिही, पोरी.” मी तोंड उघडं टाकून उभी. तिच्याकडे मराठीचे असे चाळीसेक शब्द होते, सगळे वळिवड्याच्या छावणीत भाजीवाल्यांकडून उचललेले. किती, महाग, बस खाली, चल नीघ, आणि दोन अस्सल शिव्या, ज्या शालीच्या त्या शनिवारच्या कार्यक्रमात तिनं म्हणू नयेत म्हणून मी तिला आधीच बजावलं होतं. बाकी आम्ही जर्मनमध्ये बोलायचो.

महायुद्धात पोलंडमधून तिला आईबरोबर सैबेरियात नेलं गेलं. तिथून सुटून इराणला पोचल्यावर आई वारली. मावशीच्या हाताला धरून, केस कातरलेली, सात वर्षांची ही मुलगी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला, पोलिश निर्वासितांच्या छावणीत आली. छावणीच्या पलीकडे उसाचा फड होता आणि फडाच्या कडेला एक खोपटं. एका दुपारी तिथल्या बाईनं हिला हाक मारली आणि पाण्याचा तांब्या नि गुळाचा खडा पुढे केला. उन्हातून आलेल्याला आपण देतो तसं, गूळ-पाणी. पण हालिना कॅथलिक घरातली. आईनं सैबेरियात भाकरीच्या तुकड्यावर तिला शिकवून ठेवलं होतं की एक दिवस चर्चमध्ये पाद्री तुझ्या जिभेवर प्रसाद ठेवेल, तेव्हा गुडघे टेक, डोळे मीट आणि दातानं चावू नकोस. पोरीला वाटलं, तो दिवस हाच. ती धुळीत गुडघे टेकून, डोळे मिटून, जीभ बाहेर काढून बसली. बाई खूप हसली म्हणे. हसता हसता तिनं खडा जिभेवर ठेवला. पुढे छावणीतल्या पाद्रीसमोर पहिली कबुली द्यायची वेळ आली तेव्हा हालिनानं हे पाप म्हणून सांगितलं. तो म्हणाला, पुन्हा करू नकोस. “मी रोज जात होते,” आजी सांगायची.

तिची चित्रकला, तिची प्रार्थना, काय म्हणाल ते, सगळं त्या खड्यातून आलं. पुढे इंग्लंड, मग एका जर्मन मुद्रकाशी लग्न, मग हे गाव. साठ वर्षं ती गोणपाटावर मेण आणि रंगाचे पातळ थर चढवत राहिली. तपकिरी, मधासारखा, कडेला जवळजवळ काळा. उजेडासमोर धरलं की आतून पेटल्यासारखं दिसायचं. जर्मन समीक्षकांनी लिहिलं, हा बाल्टिक समुद्रकाठी सापडणारा अंबर, म्हणजे राळेचा मधाळ खडा आहे, हरवलेली मातृभूमी वगैरे. आमच्या मंडळींनी ठरवलं, हा भगवा. ती वैतागून म्हणायची, गूळ आहे, डोळे आहेत का तुम्हाला? एकदा मी विचारलं, तुझा देव नक्की कुठला? तर म्हणाली, छावणीत सूप मिळायचं ते रांगेत, आधी नाव, मग नंबर, मग वाटी. त्या बाईनं माझं नाव शेवटपर्यंत विचारलं नाही. तो माझा देव. तिच्या स्टुडिओत कुणीही येवो, पोस्टमन का असेना, आधी गूळ आणि पाणी. दर बुधवारी ती निर्वासितांच्या वसतिगृहात मुलांना चित्रं काढायला बसवायची, तिथेही पिशवीत गुळाचा डबा.

मराठी ग्रुपमध्ये तिला नेलं मीच. ही चूक माझी, ती मी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालणार नाही. मला वाटलं, आपल्या लोकांना अभिमान वाटेल. वाटला की! वळिवड्याच्या पोलिश मुलांवर अर्धा तास भाषण झालं, ‘अतिथी देवो भव’ झालं, ग्रुपमधल्या सायलीवहिनींनी शाल घातली आणि तिच्याकडून तीनदा ‘लई भारी’ म्हणवून घेतलं, कारण पहिल्या दोनदा रील नीट आलं नव्हतं. भिंतीवर तिची दोन चित्रं टांगली होती. त्यांच्यासमोर उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले, चित्रांकडे पाठ करून.

मंगळवारी मी तिच्या मोरीत ब्रश धूत होते. बेल वाजली. सायलीवहिनींचे मिस्टर, निखिलदादा. हा माणूस राक्षस नाही. मी जर्मनीत आले त्या पहिल्या हिवाळ्यात त्यानं स्वतःचं जाकीट मला दिलं होतं. आजी म्हणाली, “बस खाली.” त्यानं गूळ खाल्ला, पाणी प्यायला, आणि क्लिपबोर्ड टेबलावर ठेवला. त्यांच्या नव्या रो-हाउसेसच्या मागे एक रिकामी ऑफिसची इमारत आहे, तिथे निर्वासित कुटुंबांना ठेवायचा गावाचा विचार आहे, त्याविरुद्ध सह्यांची मोहीम. मुलं त्याच रस्त्यानं शाळेत जातात, घरांच्या किमती, पार्किंग... त्याला माहीत नव्हतं की त्याच इमारतीच्या तळमजल्यावर मुलांसाठी चित्रांची खोली होणार होती, आणि आजीनं स्वतःची सगळी चित्रं त्या खोलीच्या भिंतींना देऊन टाकली होती.

तिनं भिंग काढलं आणि यादी वाचायला लागली. जर्मन नावं झाली. मग एकाखाली एक आपली नावं. ती एकेक मोठ्यानं वाचत गेली, तिच्या त्या पोलिश वळणानं. पहिलं नाव सायलीवहिनींचं. मी हात पुसत दारात आले, तर तिनं बोट वर करून मला गप्प केलं.

“आजी, तुमची गोष्ट वेगळी,” निखिलदादा म्हणाला. “तुम्ही चांगले रेफ्युजी होतात.”

“मी चोर होते,” ती म्हणाली. “त्या बाईचा ऊस मी आदल्या दिवशी चोरला होता. तिनं बघितलं होतं. म्हणून तर हाक मारली.”

हे तिनं मलाही कधी सांगितलं नव्हतं. चार वर्षं मी ती गोष्ट ऐकत होते, लोकांना सांगत होते, आणि तिचं मूळच मला ठाऊक नव्हतं. चोरी पकडली गेली आणि माराऐवजी गूळ मिळाला. खड्यासाठी ती गुडघ्यावर का बसली, साठ वर्षं तोच एक रंग का उकळत राहिली, ते मला त्या क्षणी कळलं. निखिलदादा म्हणाला, जबरदस्ती काहीच नाही आजी, आणि बूट घालून गेला. आपण काय ऐकलं ते त्याला कळलं की नाही, मला माहीत नाही. शेजारच्या दाराची बेल वाजलेली मात्र आम्ही दोघींनी ऐकली.

ती त्या सह्यांमुळे गेली असं मी म्हणणार नाही. नव्वदीचं हृदय होतं, थकलं. पण त्यानंतर तिनं ब्रश हातात घेतला नाही. एकच गोष्ट दोनदा विचारली, केलेली सही मागे घेता येते का? मी राटहाउसमध्ये, गावाच्या कचेरीत, जाऊन विचारून आले. येते. एक ओळ, तारीख, सही, बस. हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. तिला खरंच वाटत होतं की लोकांना रस्ता दाखवला की ते चालतील. मी ती ओळ ग्रुपवर टाकली. तीन जणांनी अंगठा दाखवला. नाव एकानंही काढलेलं नाही. तीच माणसं आता विचारताहेत, तिचं एखादं ‘भगवं’ चित्र दिवाळीच्या हॉलसाठी मिळेल का. मिळणार नाही. चित्रं माझ्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहेत. पुढच्या महिन्यात गावाच्या सभेत मतदान आहे. यादी जिंकली तर त्या चित्रांना खोली नाही, आणि बुधवारच्या पोरांनाही नाही.

तुम्ही पुण्यात असाल, कोल्हापुरात असाल, वळिवड्याची गोष्ट तुम्ही पाहुण्यांना छाती फुगवून सांगत असाल. तुमचा मुलगा, तुमची लेक, तुमचे जावई इथे आहेत, आणि अशी यादी फक्त आमच्याच गावात फिरत नाही. तर ही पुरवणी बाजूला ठेवा आणि फोन लावा. थंडी किती आहे ते विचारू नका, नातवंडांना कॅमेऱ्यासमोर बोलावू नका. विचारा, सही केलीस का? उत्तर टाळलं तर पुन्हा विचारा. केली असेल तर सांगा, उद्या सकाळी जाऊन नाव काढून ये, आणि काढल्याशिवाय मला फोन करू नकोस.