केनियाला न गेलेले भाऊ

"जरा इस्कटून सांगा," असं म्हणत भाऊ समोरच्यापुढे उकिडवे बसायचे. मग मालक असो की औषधं विकणारा, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागे.

पवन मावळातल्या एका पॉलिहाऊसवर आम्ही दोघं सुपरवायझर होतो. गुलाबाचं पान उलटं करून ते रोग ओळखायचे. मी पुस्तक उघडायचो. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायचो.

मालकांच्या ओळखीच्या केनियातल्या गुलाबांच्या फार्मवर माणूस हवा होता. त्यांनी आधी भाऊंनाच विचारलं. भाऊ उकिडवे बसले.

"तितं आजारी पडलो तर? दोन म्हैन्यांत काढून टाकलं, तर परत कोन आननार? तेवढं कागदावर द्या, उद्या निघतो."

"कागद कसला मागतोस? भित्रा आहेस तू," मालक हसले.

आम्ही सगळेच हसलो. मीसुद्धा. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

त्यांच्या जागी मी गेलो. कागद मलाही मिळाला नव्हता. पण तळेगावात आमचं घर होतं, वडिलांना रेल्वेची पेन्शन होती. फसलो असतो तर परत येऊन वर्षभर घरी बसलो असतो. भाऊंच्या एकट्याच्या जिवावर बायको, दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेली आई. त्यांना एकदाही चुकून चालणार नव्हतं. तुम्हीच सांगा, याला भित्रेपणा म्हणायचं?

तीन वर्षांनी परतलो. पॉलिहाऊस उठलं होतं. तिथे वीकेंड बंगल्यांचे प्लॉट आखलेले. मालकांना भाऊंबद्दल विचारलं.

"गेला असेल कुठेतरी. हिंमत लागते रे, तुझ्यासारखी!"

"माझी कसली हिंमत?" माझा आवाज चढला. "माझ्यामागे बाप उभा होता. त्यांना तुम्ही चार ओळी लिहून दिल्या नाहीत!"

मालकांनी मोबाईल कानाला लावला.

तसाच भाऊंच्या घरी, तिकोणा पेठेला गेलो. वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या.

"म्हैना झाला जाऊन. मुकादमानं धा जनांना टेम्पोत घातलं. शेड उभारायचं काम हाय म्हनला."

"कुठे?"

"कर्नाटकात का आंध्रात, त्यालाच ठावं. ह्यांनी इचारलंच न्हाई. घरात पीठ नव्हतं."

मी भाऊंचा नंबर लावला. बंद होता.

"तुमी परदेशात ऱ्हाऊन आलाय," वहिनी म्हणाल्या. "लांब गेलेल्या मानसाला कसं हुडकायचं, तुमाला ठावं असंल."

मला माहीत नव्हतं.