कोरडा टब

गुडघ्यांमुळे बायकोला पाटावर बसून अंघोळ जमेना, म्हणून आम्ही गरम पाण्याचा टब बघत फिरत होतो. किंमत विचारली की प्रत्येक दुकानदार गोड हसून म्हणे, "आधी नंबर द्या, कोटेशन पाठवतो." मी पार वैतागलो होतो. ही मात्र चपला काढून मांडून ठेवलेल्या टबात अलगद उतरली, टेकली आणि तिनं डोळे मिटले. दुकानदार फवारे, दिवे, हप्ते सांगत राहिला. तेवढ्यात तिचा हात आपोआप वर गेला आणि तांब्या ओतावा तशी रिकामी मूठ खांद्यावर कलली. दुकानातलं सुख कोरडंच असतं. पाणी आपल्या मनातलं. क्षणभर मलाही वाफ दिसली. डोळे न उघडताच तिनं विचारलं, "अहो, पाठ चोळायला तुम्ही कुठं बसणार?"