हराळीचे दोन फटके

"हीच ती! हिनंच तिथं हराळी उपटली!" तात्यासाहेबांनी माझ्याकडं बोट केलं, आणि पुण्याहून आलेले त्यांचे दोन पाहुणे सोफ्यावर हलून हलून हसले.

मी फरशीवर बसले होते. चौसाळ्यातला त्यांचा नवा बंगला. दिवाणखान्यात खुर्च्या रिकाम्या पडलेल्या. माझी नात कोमल आत आली तेव्हा ते म्हणाले, "ये बेटा, वर बस." माझ्याकडं बघून नुसती हनुवटी हलवली. खाली. मी बसले. घरी गुडघे दुखतात म्हणून मी जेवायलासुद्धा खाली बसत नाही. तिथं गुडघ्यांनी हूं का चूं केलं नाही.

आणि सगळे हसले तशी मीही हसले. माझ्यावरच.

या माणसाच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी. पण तो मला अरेतुरे करतो आणि मी त्याला साहेब म्हणते. त्याच्या बापाच्या शेतात माझी तरणी वर्षं निंदण्यात गेली. तेव्हाची मी म्हणजे काय विचारता! निंदताना माझी पात, म्हणजे माझी ओळ, सगळ्यात आधी पुढं. एकदा थोरले मालक बांधावर उभे राहून सगळ्या बायांसमोर म्हणाले, "ही माझी घोडी हाय, घोडी!" मला काय आनंद झाला! घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, मालकांनी माझं नाव काढलं. कितीतरी दिवस मान ताठ. घोडीच ती, मान ताठच असणार. खरारा तेवढा करून घ्यायचा राहिला.

तर हराळीचं.

माझा लेक पुण्याला एका गोल्फच्या मैदानावर गवत कापायला लागला. कोमल तिथल्याच खोल्यांत वाढली. हरवलेले चेंडू शोधता शोधता काठी हातात आली, आणि खेळता खेळता ती या खेळावर पोट भरणारी खेळाडू झाली. पण अर्धी. अर्धी म्हणजे कशी, ते मला लई दिवस कळत नव्हतं. मग मी एसटीवरून लावून घेतलं. मोठ्या खेळाडूंकडं वर्षाचं कार्ड असतं. त्यांचं आरक्षण. त्या नुसत्या येऊन बसतात. कार्ड नसलेल्यांनी दर स्पर्धेच्या आधी पात्रता फेरी खेळायची. ढीगभर पोरी, जागा चार-दोन. खिडकीतून रुमाल टाकायचा, पडला तर पडला. आणि एखादी जागा राहते पैसा लावणाऱ्या प्रायोजकाच्या हातात. ती निमंत्रणाची. कंडक्टरनं आपल्या पाहुण्यासाठी धरून ठेवल्यासारखी.

यंदाच्या एका मोठ्या स्पर्धेत वरच्या नंबरात आली असती तर कोमलला पुढच्या वर्षाचं कार्ड मिळणार होतं. रुमाल टाकणं संपलं असतं.

त्या स्पर्धेच्या पात्रता फेरीला तिची बॅग मी उचलली, कॅडी म्हणून. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढलेली बाई मी. बॅगेचं काय कौतुक! सोबत खेळणाऱ्या पोरीचा बाप मला बघून आपल्या पोरीला म्हणाला, "कॅडी बदललाय की देव्हाऱ्यातून कुणी उठून आलंय?" मी बॅग खांद्यावर घेतली आणि चालायला लागले.

कोमल चांगली खेळत होती. शेवटाकडं तिचा चेंडू कडेच्या उंच गवतात थांबला. मी आधी पोचले. बघते तर चेंडूच्या मागं हराळीचा झुबका. आता हराळी म्हणजे शेतकऱ्याची वैरीण. जन्मभर मुळासकट उपटली, तरी पुन्हा येते. माझा हात गेला. डोकं कुठं होतं कुणास ठाऊक. कचकन उपटून बाजूला टाकली. पदराला हात पुसले. वर समाधानसुद्धा वाटलं.

कोमल मागंच उभी होती. चेहरा पांढराफटक.

"आज्जी, काय केलंस?"

"हराळी होती गं."

"अगं, हे सगळं मैदानच हराळीचं हाय!"

माझ्या पायाखाली बघितलं. खरंच. वैरिणीला पाणी पाजून, कापून, गादीसारखी वाढवलेली. चेंडूजवळचं उगवलेलं गवत उपटायचं नसतं, आणि कॅडीनं उपटलं तरी खेळाडूलाच दोन फटक्यांचा दंड. कुणी बघितलं नव्हतं. बाकीच्या लांब होत्या. कोमलनं हात वर केला, सोबतच्या पोरीला बोलावलं आणि सांगून टाकलं.

परतताना मी भांडले. "कुणी बघितलं का? मग कावून सांगितलंस?"

"मी बघितलं की."

एका फटक्यानं जागा हुकली. तो बाप आपल्या लोकांत मोठ्यानं म्हणाला, "आजीबाई निंदून गेल्या, नातीची जागासुद्धा!" हे मोबाइलवर फिरलं. फिरत फिरत तात्यासाहेबांपर्यंत आलं. तात्यासाहेब त्याच स्पर्धेचे प्रायोजक, निमंत्रणाची जागा त्यांच्या हातात. त्यांनी गाडी पाठवली.

जायचं कोमलनंच ठरवलं. "निमंत्रण घेणं पाप न्हाई आज्जी. नियमातच हाय. चांगल्या चांगल्या घेतात." बरोबर होतं तिचं. मी नवं लुगडं नेसले.

आणि आता फरशीवर.

हसून झाल्यावर तात्यासाहेबांनी डोळे पुसले. "जागा दिली बेटा तुला. आपल्या बांधावरची पोर तू. फक्त पहिल्या दिवशी एक फोटो. तुझ्या डोक्यावर माझा हात. आणि म्हातारी खाली बसलेली, हातात खुरपं. पेपरात येईल."

एक पाहुणा म्हणाला, "खुरपं तेवढं जुनं पाहिजे."

"तिच्या घरी असंलच की," तात्यासाहेब म्हणाले. "काय गं? हाय ना?"

माझ्या तोंडून "हाय जी" निघतच होतं. ओठांपर्यंत आलं. ती तरणी घोडी आत उभीच होती, शेपूट हलवत. मालकांनी विचारलंय! फोटो निघणार! मी कोमलकडं बघितलं. ती खुर्चीच्या टोकावर, हात मांडीखाली दाबून. माझ्याकडं बघत नव्हती. तिला जागा पाहिजे होती. लई पाहिजे होती.

मी मांडीवर हात टेकून उठले. वेळ लागला. कुणी हात दिला नाही, मी मागितला नाही.

"तात्यासाहेब," मी म्हणाले, "जागा पोरीची. घ्यायची का न्हाई ते तिनं ठरवावं. मी मधी पडत न्हाई. पण फोटोत मी बसणार न्हाई."

"का? खुरप्याची लाज वाटती व्हय आता?"

"खुरप्यानं लेकरं जगवली माझी. त्याची कसली लाज? तुमी ते माझ्या हातात हसायसाठी देताय. ते मी धरणार न्हाई."

तात्यासाहेबांचं हसू अजून तोंडावर होतं, पण डोळ्यांतून गेलं होतं.

"म्हातारे, फोटो न्हाई तर जागा न्हाई. मी काय धर्मशाळा काढली हाय का?"

मग सगळे कोमलकडं बघायला लागले. मीसुद्धा. हो म्हणाली असती तर मी तिला दोष दिला नसता, हे खरं सांगते. तिचं वय, तिची मेहनत. माझ्या एका नाहीपायी तिचं वर्ष जाणार होतं, आणि एकदा माझ्या हातानं ते गेलंच होतं.

कोमल उठली. "मी खेळून येते, साहेब. यायचं असंल तेव्हा."

"मग ये रांगेतून! रांगेतच मरशील!"

आम्ही बाहेर पडलो. गाडी परत सोडायला आली नाही. उन्हात आमच्या वस्तीपर्यंत चालत आलो. वाटेत ती रडली. मी समजूत काढली नाही. काय काढणार? जागा गेलीच होती. कार्ड गेलंच होतं. रडू दिलं.

संध्याकाळी तात्यासाहेबांचा ड्रायव्हर दारात. गावातलाच पोरगा. चप्पल काढून उभा. "मावशे, साहेब म्हणतेत, खुरपं राहू द्या, फोटो बी राहू द्या. नुसतं येऊन चूक झाली म्हणा. जागा अजून ठेवलीय."

कोमल आत बॅग भरत होती. हात थांबले. मी तिच्याकडं बघितलं. तिनं एकदाच मान हलवली, आडवी.

"सांग त्यास्नी," मी म्हणाले, "आमची चूक झाली न्हाई. पुढच्या स्पर्धेची पात्रता फेरी कोमल खेळणार. तिथं न्हाई लागली तर तिच्या पुढची. तिथं बी न्हाई, तर त्याच्या पुढची. हात पाय चालतेत तवर बॅग मी उचलणार. मी थकले तर तिची आई उचलंल. पण तुमच्या उंबऱ्यात आमच्या घरातलं माणूस आता उभं राहणार न्हाई. ना मागायला, ना कामाला."

पोरानं डोकं खाजवलं. "एवढं सगळं सांगू व्हय?"

"सगळं."