जादा लाईट कशाला?

गाडीला लाईट बसवायचं दुकान असलं की संध्याकाळी झाडू मारताना वायरचे तुकडे निघतात, आणि त्यांच्याबरोबर एखादा किस्साही निघतोच. तुकडे मी टाकून देते. किस्से मात्र साठत गेले, आणि आता कुणी चहाला टेकलं की मला गप्प बसवत नाही. तुम्ही टेकलाच आहात, तर ऐका!

आधी घरातली माणसं सांगते, म्हणजे घोळ नको. मी सुवर्णा, माहेर कुर्डुवाडी. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकत होते, तिथंच श्रीनिवास भेटला. सोलापूरचा, तेलुगू घरातला. वडील जन्मभर मागावर चादरी विणलेले, ते आमचे अण्णा. श्रीनिवासनं घरी धीर करून सांगितलं, "मला कुर्डुवाडीच्या सुवर्णाशी लग्न करायचंय." अण्णांनी वर बघितलं आणि एकच शब्द विचारला, "एंदुकू?"

एंदुकू म्हणजे कशाला. सासरी आल्यावर मी शिकलेला पहिला तेलुगू शब्द! श्रीनिवासला त्या दिवशी उत्तर आलं नाही. लग्न झालं, संसार सुरू झाला, उत्तर तो अजून शोधतोय.

घराच्या पुढच्या गाळ्यात अण्णांचे दोन माग होते. ते भंगारात गेले आणि रिकाम्या गाळ्यात आम्ही मोटारसायकलला जादा एलईडी बसवायचं दुकान टाकलं. माल आणायचा आणि गोड बोलायचं श्रीनिवासनं, वायरिंग करायचं मी. पण गाळा अण्णांचा. त्यांचा पुतण्या अंबादास तोच गाळा मोबाईलच्या दुकानाला मागत होता. अण्णांनी निकाल दिला, "खंडेनवमीपर्यंत करून बघा. न्हाय चाललं तर गाळा अंबादासला."

हे माझं आहे असं म्हणावं अशी आयुष्यातली ही पहिलीच गोष्ट होती हो! भिंतीतली पहिली खुंटी मी ठोकलेली, पाटीवरची अक्षरं मी रंगवलेली. मला ते दुकान सोडायचं नव्हतं म्हणजे नव्हतं.

आणि ते बंद पाडायला शत्रू कोण? खुद्द अण्णा!

*

अण्णा रोज सकाळी दुकानाच्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. गिऱ्हाईक आलं की श्रीनिवास "या, या" म्हणायच्या आत अण्णांचा आवाज.

"काय पायजे?"

"अण्णा, लाईट बसवायचेत. चार."

"एंदुकू? कशाला?"

हा कॉलेजचा पोरगा होता, केस उभे केलेला. म्हणाला, "अंधारात दिसायला."

"घर कुटं तुझं?"

"हितंच, मागच्या बोळात."

"कॉलेज?"

"समोरच्या चौकात."

"मग दिसंना झालं तर हातानं चाचपत जा की!"

पोरगा गेला. श्रीनिवासनं कपाळाला हात लावला. मी आत स्क्रू गोळा करत होते, हसू दाबता दाबता सगळे परत सांडले. हसू ओसरल्यावर मात्र रडायलाच आलं, कारण तो सकाळपासूनचा पहिला माणूस होता.

*

एक साहेब आले. मोठी मोटारसायकल, अंगात जाकीट, सोलापूरच्या उन्हात! अण्णांनी विचारलं, "एंदुकू?" साहेबांना वाटलं अण्णा नमस्कार करतायत. त्यांनीही हात जोडले आणि आत आले.

श्रीनिवासनं लाईट दाखवले, त्यांनी पसंत केले आणि स्टुलावर बसले. मी गाडीची सीट उघडली, रिले बसवला, फ्यूज टाकला, वायर टाकीखालून ओढून घेतली. साहेब चहा पीत फोनवर बोलत होते. मधेच मला म्हणाले, "ताई, जरा जपून हं. मिस्त्री येईपर्यंत कशाला हात नका लावू."

मी "बरं" म्हटलं आणि बॅटरीची वायर आवळली.

पुन्हा चहा झाला. साहेबांनी घड्याळ बघितलं. "अहो, मिस्त्री कधी येणार?"

मी हँडलवरचं बटण दाबलं. दोन्ही लाईट भक्कन लागले, साहेबांच्या थेट जाकिटावर. मी हात पुसत म्हटलं, "येऊन गेला की!"

अण्णा खुर्चीत मान खाली घालून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते, ते मी पाहिलं.

*

लाईट बसवला की तो खाली झुकवून नीट लावावा लागतो. नाहीतर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो, आणि त्याच्या शिव्या आपल्याला खाव्या लागतात. त्यासाठी दिवेलागणीला गाडी बोळात उभी करायची आणि समोरच्या भिंतीवर झोत टाकून बघायचा. ती भिंत रुख्साना भाभींची. भिंतीत त्यांची खिडकी, खिडकीच्या खाली ओटा.

पहिल्या दिवशी मला वाटलं, आता भांडण होणार. भाभी बाहेर आल्या आणि ओरडल्या, "ओ सुवर्णा, जरा इदर मारो ना बत्ती! सुई गिर गई मेरी!"

सुई सापडली. दुसऱ्या दिवशी भाभी टायमाला मशीनचं शिवण घेऊन ओट्यावर हजर. तिसऱ्या दिवशी डाळीचं ताट. एका गिऱ्हाइकाला श्रीनिवास समजावत होता, हा पिवळा घ्या, धुळीत चांगला दिसतो, हा पांढरा घ्या, लांब जातो. त्याला काही ठरवता येईना. शेवटी आम्ही दोन्ही लावून दाखवले. ओट्यावरून आवाज आला, "ये नै! कल वाली अच्छी थी. इसमें दाल के कंकर दिखते नै!"

गिऱ्हाईक लगेच वळलं. "मला कालवालीच द्या."

तेव्हापासून आमच्या दुकानात कुठलाही नवा माल आला की आधी भाभींच्या डाळीवर लावून बघतो. खडे दिसले तर ठेवतो, नाहीतर परत!

*

मल्लिनाथ अक्कलकोटचा. तिकडनं रोज मोटारसायकलवर सोलापूरला कामाला जाऊन-येऊन. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, मागं दिवा नाही, काही नाही. त्यामुळं अण्णांच्या "एंदुकू"ला त्याच्याकडं चोख उत्तर होतं, आणि अण्णांनी त्याला मुकाट्यानं आत सोडलं. मी छान खाली, इंजिनच्या गार्डवर दोन लाईट बसवून दिले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी स्वारी दारात. चेहरा पांढराफटक.

"वहिनी, काढा ते लाईट. एन माडोदु, काय करायचं आता! लाईट लावला की माझ्या म्होरं रस्त्यात कायतरी काळं चालतंय. लांब बोटांचं! मी हळू झालो की ते हळू. मी पळवली की ते नाचतंय!"

श्रीनिवास दोन पावलं मागं सरला. हा माझा नवरा, बरं का! मी गाडी आत घेतली आणि बघितलं. नव्या लाईटला दृष्ट लागू नये म्हणून मल्लिनाथनं लाईटच्या बरोबर समोर लिंबू-मिरची बांधली होती. सात मिरच्या आणि एक टपोरं लिंबू! सगळ्या अक्कलकोट रोडवर त्यांची सावली नाचत चालली होती.

मी पोट धरून हसले. मल्लिनाथ ओशाळला. अण्णांनी खुर्चीतूनच चौकशी केली, "लिंबू एंदुकू?"

"नजर लागू नये म्हणून, अण्णा."

"मग लागली का?"

"न्हाय."

"मग लिंबानं काम केलं की! सुवर्णा, त्याला कशाला हसतेस?"

मिरच्या मागं नंबरप्लेटला बांधून दिल्या. हिशोबात नव्हतं ते काम, फुकट केलं.

*

मग भिवा आला. वळसंगकडचा मेंढपाळ, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, जुनी मोटारसायकल. हँडलला झोळी अडकवलेली आणि झोळीतून कोकराचं तोंड बाहेर. कोकरू अण्णांकडं बघून ओरडलं. अण्णांचा प्रश्न तेवढ्यापुरता राहून गेला.

भिवा म्हणाला, "वैनी, दोन लाईट बसवा. मागं."

श्रीनिवास म्हणाला, "लाईट पुढं बसवतात, मामा."

"म्होरं कशाला? म्होरचं मला दिसतंय की! मागनं येणाऱ्याला म्या दिसत न्हाय, त्येचं बघा." मग हळू आवाजात म्हणाला, "कळप म्होरं चालतो, म्या मागनं गाडीवर. दिवस मावळला की लोक सुसाट येत्यात. मागल्या म्हैन्यात दोन मेंढ्या गेल्या. ह्येची आय त्यात गेली."

कोकरू पुन्हा ओरडलं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू!

मी अण्णांकडं बघितलं. आता "एंदुकू" येणार म्हणून श्रीनिवासही त्यांच्याकडंच बघत होता. अण्णा उठले, खुर्ची झटकली आणि भिवापुढं सरकवली. "बस." त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

मागं पांढरा झोत लावला तर मागचा आंधळा होऊन अंगावरच येईल, हे मी भिवाला समजावलं आणि लाल-पिवळे उघडझाप करणारे लाईट लावून दिले. ते होईपर्यंत अण्णा त्याच्या घोंगड्याची कड बोटात धरून बघत होते आणि दोघं विणीवर बोलत होते. कोकरू श्रीनिवासच्या मांडीवर. पुढं काय झालं ते त्याच्या पँटीला विचारा!

आठवड्याभरानं भिवा परत आला, लई खुशीत. "वैनी, काल एक ट्रकवाला लांबनंच थांबला. खाली उतरून चालत आला आणि इचारतो, 'मामा, म्होरं रस्त्याचं काम चालू हाय का?'"

मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, व्हय! दमानं जावा!"

अण्णा इतके हसले, इतके हसले की पाणी द्यावं लागलं.

*

त्यानंतर अण्णांची तऱ्हा बदलली. प्रश्न तोच, पण उत्तर पटलं की स्वतःच आत ओरडायचे, "सुवर्णा, बसव गं ह्याला!" भिंतीवर झोत टाकला की खुर्चीतूनच सांगायचे, "डावा दोन बोटं वर हाय." मी मोजायची, खरंच वर असायचा. जन्मभर धागा सरळ धरलेला माणूस तो!

गावभर झालं की लाईटच्या दुकानातला म्हातारा आधी परीक्षा घेतो. मग लोक तयारी करून यायला लागले! एकजण तर पाठ करूनच आला. हात मागं बांधून उभा राहिला आणि सुरू झाला, "अण्णा, मला कामावरून परतताना अंधार होतो, रस्त्यात खड्डे आहेत, ट्रॉल्यांना मागं दिवे नसतात, आणि मी फक्त दोनच लाईट घेणार, तेही खाली तोंड करून."

अण्णांनी कौतुकानं मान डोलावली. "शाब्बास. गाडी कुटंय?"

"गाडी अजून घ्यायचीय."

*

अशात खंडेनवमी आली.

दरवर्षी अण्णा त्या दिवशी आपल्या मागाचा जुना धोटा घरात पाटावर ठेवून पूजतात. माग गेले, पण धागा इकडून तिकडं नेणारा तो लाकडी धोटा त्यांनी ठेवून घेतलाय. बाकी गाळ्याचं ते अवाक्षर बोलले नव्हते, आणि विचारायची माझी छाती नव्हती.

त्या दिवशी सकाळी मला हाक मारून म्हणाले, "गाळा मोकळा कर. सगळं बाहेर काढ आणि पाण्यानं धुऊन घे."

झालं! मला कळायचं ते कळलं. श्रीनिवास तोंड पाडून खोकी उचलायला लागला. मी लाईट काढले, वायरची वेटोळी काढली, हत्यारांची पेटी काढली. फरशी धुताना मी रडत होते, आणि पाणी इतकं होतं की कुणाला कळलंही नाही. भाभी ओट्यावरून सारख्या विचारत होत्या, "क्या हुआ? क्या हुआ?" मल्लिनाथ आणि भिवा पूजेआधी गाड्या दाखवायला आले होते, ते बोळातच थांबले. भिवाच्या गाडीला झेंडूचा हार होता.

तेवढ्यात अंबादास आला. हातात टेप. आल्या आल्या भिंत मोजायला लागला. "इथं काचेचं कपाट, इथं कव्हरं, इथं काउंटर."

अण्णा आतून आले. अंगात धुतलेला सदरा, एका हातात पाट, दुसऱ्या हातात धोटा. ओल्या फरशीवर गाळ्याच्या मधोमध पाट मांडला, धोटा ठेवला, हळद-कुंकू वाहिलं. मग माझ्याकडं न बघताच हात पुढं केला.

"पक्कड कुटंय तुजी?"

मी पदरानं पुसून पक्कड दिली. अण्णांनी ती धोट्याला चिकटून ठेवली आणि तिच्यावर कुंकू वाहिलं.

अंबादास टेप तशीच हातात धरून पुढं आला. "काका, अहो... माझं मोबाईलचं दुकान?"

अण्णांनी खुर्ची ओढली, दारात टाकली, बसले आणि त्याला नीट खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"एंदुकू?"