सुनेच्या बाजूची साक्ष

औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बायकांसाठीचं मदत केंद्र होतं. एका खोलीत टेबल, फोन आणि घरी मार खाणाऱ्या बायकांचं ऐकून घेणारी ताई, दुसऱ्या खोलीत शिलाई मशिनी आणि काकू. केंद्रात आलेल्या बायकांच्या हाती चार पैसे यावेत म्हणून काकू त्यांना शिवण शिकवायच्या. तोंडाने फटकळ, पण आवाज मऊ. ‘‘मशीनला तेल आणि नवऱ्याला जेवण वेळेवर मिळालं नाही की दोघंही कुरकुरतात. पण मशीन अंगावर येत नाही,’’ असं त्या म्हणाल्या की कित्येक महिन्यांत न हसलेली एखादी बाईही खुदकन हसायची.

काकूंना एकच मुलगा. मोटार ड्रायव्हिंग शाळेत शिकवायचा. आवाज कधी चढला नाही, शिकाऊ लोकांवर कधी वैतागला नाही. बायको आणि लहान मुलीला घेऊन तो वेगळा राहायचा. ‘‘माझा मुलगा म्हणजे गरीब गाय,’’ काकू कौतुकाने सांगायच्या.

त्या दुपारी शिवणवर्गाला खरं तर सुट्टी होती. पण आदल्या दिवशी वीज नव्हती म्हणून बुडालेला वर्ग काकूंनी आज घेतला. कॉलर कशी लावायची ते दाखवत असताना दार ढकललं गेलं. दारात सून उभी, कडेवर नात. सुनेचा ओठ सुजलेला, एक हात ओढणीत लपवलेला.

सासूला पाहताच ती पांढरीफटक पडली. आज काकू नसतात हे बघूनच ती आली होती.

‘‘चुकून आले,’’ असं म्हणत ती मागे वळली.

काकूंना कळायचं ते क्षणात कळलं. पाठीवरचे ते डाग, जे कुर्त्याचं माप घेताना दिसले होते आणि ‘‘न्हाणीत घसरले’’ म्हणून सुनेने उडवून लावले होते, ते डोळ्यांपुढे आले. त्यांनी कात्री खाली ठेवली.

‘‘तू जाऊ नकोस, मीच जाते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आत ताई आहे. तिला सगळं सांग. माझा मुलगा आहे म्हणून काही गाळू नकोस.’’

नातीने ‘‘आजी!’’ म्हणून हात पसरले. काकूंनी ते पाहिलं आणि त्या जिना उतरून गेल्या. रस्त्यापलीकडच्या बंद दुकानाच्या पायरीवर त्या किती वेळ बसून होत्या, त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ताईने त्यांना बाजूला घेतलं. ‘‘काकू, ती सुरक्षित आहे. कुठे आहे ते मी तुम्हाला सांगू शकत नाही.’’

‘‘विचारलं का मी?’’ काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

त्याच आठवड्यात मुलगा घरी आला. चहा मागितला, पूर्ण प्याला आणि मग शांतपणे म्हणाला, ‘‘आई, कुठे ठेवलीय तिला?’’

‘‘माहीत नाही. माहीत असतं तरी सांगितलं नसतं.’’

त्याने आईचं मनगट धरलं. चेहऱ्यावर राग नाही, आवाज तोच मऊ. ‘‘आठवून बघ,’’ म्हणाला आणि पिळत राहिला. काकू ओरडल्या नाहीत. आपण वाढवलेल्या पोराचा हात त्या पहिल्यांदाच ओळखत होत्या.

सकाळी त्या ताईपुढे बसल्या आणि काळंनिळं मनगट पुढे केलं. ‘‘हे लिहून घे. पाठीवरचे डागही मी बघितलेत. कोर्टात सांगेन.’’

‘‘काकू, तो तुमचा मुलगा आहे. घाई करू नका.’’

‘‘मुलगा आहे म्हणूनच. बाकी कुणी सांगितलं तर लोक म्हणतील, खोटं आहे.’’

त्यांनी साक्ष दिली. काकूंचा दीर कोर्टाच्या आवारात सगळ्यांदेखत म्हणाला, ‘‘आई आहेस की वैरीण?’’ नात सुनेकडे राहिली आणि मुलाने त्या दोघींच्या जवळ फिरकायचं नाही, असा हुकूम झाला. त्यानंतर तो आईच्या दारात आला नाही.

काकूंनी नातीसाठी पिवळा फ्रॉक शिवून ताईकडे दिला. सुनेने तो ठेवून घेतला आणि केंद्रातल्या फोनवर काकूंशी बोलली. ‘‘आई, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते माझ्या आईनेही केलं नाही. पण रागावू नका, तुमचा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. तोही अगदी अशाच मऊ आवाजात बोलतो. आजीचं नाव काढलं की पोर बाबाला शोधते, रात्रभर झोपत नाही. आत्ता भेटणं नको.’’

‘‘बरोबर आहे तुझं,’’ काकू म्हणाल्या. आणखी काही बोलावं, तर तोच आवाज तिच्या कानात जाणार. म्हणून त्यांनी फोन ठेवला.

काकू अजून शिकवायला येतात, पण आता बोलणं कमी झालंय. परवा वर्गातल्या एका नव्या बाईने सहज विचारलं, ‘‘नातवंडं किती तुम्हाला?’’

‘‘एक आहे. मुलगी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता शाळेत जात असेल.’’ आणि त्या बाईची तिरकी गेलेली शिवण उसवायला घेतली.